वहिनीचं माप आणि पुस्तकातलं माप

हे लिहायला बसलो आहे त्याबद्दल आधी माफी मागतो. लिहिण्याची मला सवय नाही. आमच्या घरात परीक्षेच्या पेपरापलीकडे काही लिहायला बसलेला मी पहिलाच, आणि पेपरही कसे जातात ते मला ठाऊक आहे. शिवाय विषय बायकांचा. गर्भपिशवीच्या तोंडाबद्दल एका दिराने लिहावं का, हा प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवला आणि शेवटी वहिनीलाच विचारला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "लिही की. अख्ख्या चाळीला माहीत आहे, आता कागदाला कळलं म्हणून काय बिघडतंय? फक्त माझं नाव नको घालू." तिचं नाव घालायचं नाही म्हटल्यावर इतरांची घालणं बरं दिसत नाही. म्हणून इथे कुणाचंच नाव नाही.

आम्ही लालबागला चाळीत राहतो. बाबा मिलमध्ये तयार कापड मोजून घड्या घालण्याच्या खात्यात होते. संप झाला तेव्हा मी बालवाडीत होतो, त्यामुळे संपाची माझी आठवण म्हणजे बाबा दिवसा घरी असत एवढीच, आणि मला त्याचा आनंदच व्हायचा. मिलचं दार त्यांच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. त्यांनी वॉचमनकी केली, भाजी विकून पाहिली. मग दादरला एका कापडाच्या दुकानात त्यांना पुन्हा कापड मोजायचं काम मिळालं. त्या दिवशी ते घरी आले आणि जेवायच्या आधीच झोपून गेले. आई म्हणाली, उठवू नका.

मोठा भाऊ कॉटन ग्रीनच्या गोदामांतून टेम्पो चालवतो. त्याने लग्न केलं ते शीवच्या कोळीवाड्यातल्या मुलीशी. तिची आई दादरच्या बाजारात मासळी घेऊन बसते, आणि लग्नाआधी आमच्या घरात अचानक रोज मासे का येऊ लागले होते, हे आईला फार उशिरा कळलं. आम्ही मालवणकडचे. दोन्ही घरं मासे खाणारी, त्यामुळे जातीवरून जेवढं भांडण होईल असं वाटलं होतं तेवढं झालं नाही. आमटीत तिरफळ घालायचं की नाही, यावरून मात्र झालं आणि ते अजून चालू आहे.

वहिनीचं पहिलं बाळ दोन-अडीच महिन्यांतच गेलं होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा भावाने परळच्या एका इस्पितळात नाव घातलं आणि पाचव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला नव्या प्रकारच्या सोनोग्राफीसाठी बोलावलं. भावाने मला सोबत घेतलं. मी म्हटलं, माझं तिथे काय काम? तर म्हणाला, "तू शिकतोयस. त्या काय बोलतील ते लक्षात ठेव."

तपासणी आतल्या खोलीत झाली. आम्ही दोघे बाहेर बसलो होतो. वहिनी आत गेली, लगेच बाहेर आली, बाथरूमकडे गेली आणि परत आत गेली. मग आम्हाला बोलावलं.

"बाळ छान आहे," बाई आधी हे म्हणाल्या, म्हणून पुढचं ऐकायला धीर आला. त्यांनी टेबलावरची पाण्याची बाटली उलटी धरली. "ही पिशवी. खाली ही बाटलीची मान. बाळ वर असतं आणि ही मान घट्ट बंद राहून त्याला नऊ महिने धरून ठेवते. ती फार आखूड असली तर वेळेआधी उघडण्याची भीती असते. यांची पुस्तकातल्या मापापेक्षा आखूड आहे."

भावाने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारायला हवं म्हणून मी विचारलं, "पुस्तक कुठलं?"

"परदेशातलं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी बाटली खाली ठेवली. "तिथेसुद्धा सगळ्यांचं माप एक नाही. गोऱ्या बायकांपेक्षा काळ्या बायकांचं सरासरी थोडं आखूड येतं, असं त्यांना आढळलं आहे. ते वंशामुळे की राहणीमुळे, कष्टामुळे, यावर त्यांच्यात वाद आहेत."

"मग आपण कशात येतो?" मी विचारलं. "गोऱ्यात की काळ्यात?"

"आपण 'इतर'मध्ये," बाई म्हणाल्या आणि हसल्या. "मोजलंच असेल तर."

मग त्यांनी अडचण सांगितली. मान आखूड असेल तर टाका घालून बांधता येते. पण टाक्याचेही धोके असतात, गरज नसताना घालायचा नाही. हे माप वहिनीसाठी खरोखर कमी आहे, की तिची घडणच तशी आहे, हे ठरवायला आपल्याकडच्या धडधाकट बायकांची मापं हाताशी हवीत. त्या ती जमवत होत्या. "कोळी बायका माझ्याकडे फारशा येत नाहीत. तुमच्या माहेरच्या कुणी गरोदर असतील, काही तक्रार नसलेल्या, तर पाठवा. तोवर जड उचलायचं नाही, जिने नाहीत, आराम करा."

इस्पितळाच्या आवारात वहिनी थांबली. "एवढी उंच बायको केली तुम्ही," ती भावाला म्हणाली, "आणि नेमकी तिथेच आखूड निघाले." ती हसत होती, पण पदर डोळ्यांना लावलेला होता. भावाने टॅक्सी थांबवली. आमच्या घरचं कुणी तिथून लालबागला टॅक्सीने कधी गेलं नव्हतं.

घरी एकच लोखंडी खाट आहे. रात्रपाळी करून आलेल्या बाबांची ती खाट होती, आणि मिल सुटल्यावरही तिच्यावर दुसरं कुणी झोपत नसे. त्या संध्याकाळी बाबांनी स्वतः तिच्या पायथ्याशी विटा लावल्या, वहिनीचे पाय उंच राहावेत म्हणून, आणि आपली सतरंजी गॅलरीत नेली. मग त्यांनी मला सगळं पुन्हा सांगायला लावलं.

"मोजलं कसं?" त्यांनी विचारलं. "कापड ताणून धरलं की माप जास्त भरतं. ढिलं धरलं की कमी. बाईंनी ताणून घेतलं की ढिलं?"

वहिनी खाटेवरून म्हणाली, "बाबा, तेच तर. लघवी तुंबलेली असली की ती मान ताणली जाते आणि लांब दिसते. खोटं माप येतं. म्हणून मला आधी जाऊन यायला सांगितलं."

बाबा एकदम उठले आणि गॅलरीत जाऊन रस्ता बघू लागले. पण जाता जाता "बाई हुशार आहे" एवढं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी दादरच्या बाजारात गेलो. वहिनीच्या आईला मी मावशी म्हणतो. त्या सुरमई कापत होत्या. मी गिऱ्हाइकांच्या मध्ये उभा राहून जमेल तेवढ्या सभ्य शब्दांत निरोप सांगितला. त्यांनी कोयता खाली ठेवला.

"आखूड? आमच्या पोरी?" त्या म्हणाल्या. "नववा महिना लागला तरी डोक्यावर टोपली घेऊन फिरतात त्या. कुणाची आखूड?"

"मावशी, तसं नाही. आखूड-लांब यात चांगलं-वाईट काही..."

"तू गप रे. तुझ्या आयशीने पाठवलं ना, सून आखूड दिली म्हणून सांगायला?"

"नाही, मावशी. डॉक्टरबाईंनी..."

"येतो आम्ही. सांग तिला. सगळ्या येतो."

शेजारच्या पाटावरची बाई म्हणाली, "माझ्या सुनेला पण ने गो, तिचा सातवा चालू हाय." त्या दोघी लगेच कोण कोण ते मोजायला लागल्या. मला वाटलं, निरोप नीट पोचला.

तो कसा पोचला हे घरी आल्यावर कळलं. आई रागावली की मालवणीत बोलते. "त्यांच्यो बायलो मोजूक जातल्यो, आणि आमच्यो काय घराक बसतल्यो?"

"आई, वहिनीचं माप आहे. तिच्या माहेरच्यांचं बघायचंय."

"बाळ आमचा आसा," आई म्हणाली. "माका शिकव नको."

मी तिला समजावलं की गर्भपिशवीची मान आईची असते, बाळाच्या बापाकडच्यांची नव्हे. पण तिचं म्हणणं वेगळंच होतं. विहीणबाई उद्या इस्पितळात जाऊन आपल्याकडच्यांची मापं लांब लांब भरून आणणार, मग लालबागच्या बायकांबद्दल बाईंना काय वाटेल? तिने आमच्या चाळीतल्या तिघींना तयार केलं आणि काळाचौकीला आपल्या बहिणीकडे निरोप धाडला. तिथून आणखी चौघी निघाल्या. गणपतीच्या वर्गणीलासुद्धा इतक्या लवकर माणसं जमत नाहीत.

बाईंनी दिलेल्या दिवशी वहिनी अर्थातच घरी खाटेवर होती. तिच्या वतीने मी गेलो. इस्पितळाच्या त्या वऱ्हांड्यात समोरासमोर दोन बाकं होती. एका बाकावर कोळीवाड्याच्या बायका बसल्या होत्या, डोक्यात अबोलीचे गजरे, गळ्यात होतं नव्हतं ते सोनं, लग्नाला आल्यासारख्या. समोरच्या बाकावर आमच्याकडच्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. मधल्या जागेत मी. मावशींनी बरोबर मोठा डबा आणला होता आणि त्यातून त्या आपल्या बायकांना पेले भरभरून कोकम सरबत देत होत्या.

"पी गो, पी. अजून एक पी."

मला वाटलं, उन्हाचं म्हणून. आईने थोडा वेळ पाहिलं. मग तिला काय ते उमगलं. वहिनीने सासऱ्याला सांगितलेली गोष्ट आपल्या आईलाही सांगितली होती. आईने माझ्या हातात पैसे कोंबले. "खालून शहाळी घेऊन ये. सगळ्यांका."

मी आणली. मला खरंच काही कळलं नव्हतं. मी शहाळी वाटत असताना समोरच्या बाकावरून मावशी म्हणाल्या, "काय विहीणबाई, तहान लागली?"

"तुमका लागली, तशी आमका," आई म्हणाली.

पहिल्या बाईला आत घेतलं आणि लगेच बाहेर पाठवलं, बाथरूमला. दुसरीलाही तसंच. तिसरी, मावशींच्या शेजारणीची सून, आतून मोठ्याने बोलताना ऐकू आली. "नाय बाई, मला घाई नाय. मी धरून ठेवते. तुम्ही मोजा."

डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी कोकमाचा डबा पाहिला, शहाळी पाहिली, आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"हे कुणी सुरू केलं?" त्यांनी विचारलं.

मग मावशी म्हणाल्या, "बाई, आम्ही बर्फावर मासळी विकणारी माणसं. वजन थोडं वाढवून द्यायची सवय हाय."

"इथे जास्त लांब भरेल तिला पैठणी मिळणार नाहीये," बाई म्हणाल्या. "मला खरं माप हवंय. तुमच्या मुलीसाठी हवंय. खोटी लांब मापं हातात घेऊन मी काय ठरवू? तिला टाका घालू, की नको घालू?"

हसू पसरलं होतं ते थांबलं. आईने हातातलं शहाळं खाली ठेवलं. ती उठली, मावशींकडे गेली आणि म्हणाली, "चला, विहीणबाई. पोरींना घेऊन जाऊया."

त्या मजल्यावर बाथरूम एकच होतं. त्याच्या बाहेर दहा-बारा गरोदर बायकांची रांग लागली, आणि रांगेत पहिली जिला जास्त घाई ती, या एकाच नियमाने. कोळीवाडा आणि लालबाग मिसळून गेले. आत गेलेली लवकर बाहेर येईना तेव्हा सगळ्या मिळून दार वाजवत. एकीने दुसरीची कंबर दाबून दिली. कुणाला कितवा, कुणाला कशाचे डोहाळे, कुणाच्या सासूचं काय, हे सगळं मी नको नको म्हणताना माझ्या कानावर पडलं. परत आल्या तेव्हा जिला जिथे जागा मिळाली तिथे बसल्या. मग मला बाक बघून कोण कुठली ते सांगता येईना.

मापं व्हायला दुपार झाली. शेवटी बाईंनी आईला, मावशींना आणि मला आत बोलावलं.

"कोण लांब?" मावशींनी बसायच्या आधीच विचारलं.

"दोन्हीकडे लांब आहेत, दोन्हीकडे आखूड आहेत," बाई म्हणाल्या. "कोळी आणि कोकणी यांच्यात फरक आहे की नाही, हे सांगायला एवढ्याशा बायका पुरत नाहीत. त्याला पुष्कळ बायका आणि पुष्कळ वर्षं लागतील. पण तुमच्यात दोघी सख्ख्या बहिणी आल्यात ना, अबोलीवाल्या? त्या दोघींच्या मापात जेवढा फरक आहे, तेवढा मला तुमच्या दोन बाकांमध्ये दिसला नाही."

त्या दोघी बहिणी म्हणजे वहिनीच्या चुलत बहिणी. त्यांतल्या धाकटीचं माप वहिनीइतकंच आखूड होतं. तिची ही तिसरी खेप आणि आधीची दोन्ही मुलं पूर्ण दिवसांची.

"मग टाका नको?" आईने विचारलं.

"एका बहिणीवरून दुसरीचं ठरवता येत नाही. पण मला थांबायला थोडा आधार मिळाला. आखूड असणं वेगळं आणि आखूड होत जाणं वेगळं. पंधरा-पंधरा दिवसांनी मोजू. कमी व्हायला लागली तर लगेच टाका. नाही झाली, तर ते तिचं स्वतःचं माप आहे असं समजू."

मावशींनी निघताना आपल्या पिशवीतून केळीच्या पानात बांधलेले तळलेले बोंबील काढून बाईंच्या टेबलावर ठेवले. बाई नको म्हणाल्या, पण पान उघडून पाहिलं.

त्यानंतरचे दिवस खरं तर भीतीचे, पण मला आठवतात ते मजेचेच. खोलीच्या मधोमध खाट आणि खाटेवर वहिनी, त्यामुळे चाळीतल्या बायका भाजी निवडायला, शेंगा सोलायला आमच्याकडे येऊन बसत. मी गॅलरीत अभ्यास करी. दर पंधरवड्याला भाऊ तिला घेऊन जाई, आणि परत येताना जिन्याच्या पहिल्या पायरीपासून प्रत्येक दारातून एकच प्रश्न येई.

"काय म्हणाल्या?"

"तेवढंच."

"तेवढंच" हा शब्द आमच्या चाळीत इतका आनंदाने कधी उच्चारला गेला नव्हता. वाणी उधारी विचारायचा तर लोक त्यालाही हसून "तेवढंच" सांगायला लागले. भाऊ वहिनीला जिन्यावरून उचलून नेत असे. ती म्हणे, "सोडा, लोक बघतात." आणि समोरच्या खोलीतले आजोबा ओरडत, "बघतोय आम्ही, पडशील बघ."

सातवा गेला, आठवा गेला. माप तेवढंच. बाईंनी आराम पुरे म्हणून सांगितलं, विटा निघाल्या, आणि नववा महिना भरला. तारीख आली. तारीख गेली. काही नाही.

"आता उघडत नाही," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. इतके महिने ज्या दाराने बंद राहावं म्हणून जीव टांगणीला लावला, ते दार आता हटून बसलं होतं. धाकट्या चुलत बहिणीचं तिसरंही व्यवस्थित झालं होतं. ती बाळाला घेऊन भेटायला आली आणि म्हणाली, "काय गो, आखूड आखूड म्हणत होतीस. मुक्काम वाढवला वाटतं." वहिनी गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, तारीखसुद्धा पुस्तकातलीच असते, आणखी थोडी वाट बघू.

ज्या सकाळी कळा सुरू झाल्या त्या दिवशी गिरगावात माझा पेपर होता. मी जाणार नाही म्हटलं, तर भाऊ चपला घालता घालता म्हणाला, "तू तिथे काय करणार आहेस? संध्याकाळपर्यंत काही होत नाही. पेपर दे." मी पेपर दिला. काय लिहिलं ते आठवत नाही. निकाल लागल्यावर आठवलं, ते वेगळं.

सुटल्यावर मी टेलिफोन बूथवरून चाळीखालच्या वाण्याला फोन लावला.

"घरी कोण नाही," तो म्हणाला. "सगळे दवाखान्यात."

"काही कळलं का?"

"मला काही नाही कळलं. तुझ्या आईने सकाळी दोन नारळ नेले." नारळ देवाला नेतात तसे आमच्याकडे कशालाही नेतात. त्यावरून मला काही ठरवता येईना.

मी दादरला उतरलो, मावशी भेटतील म्हणून. त्यांचा पाट धुऊन उभा करून ठेवला होता. शेजारची बाई म्हणाली, "दुपारीच गेली. निम्मा माल मलाच देऊन गेली." हसत गेल्या की रडत, असं मी विचारलं. ती म्हणाली, "भांडत गेली. टॅक्सीवाल्याशी."

तिथून मी परळपर्यंत चालत गेलो, अर्धा रस्ता धावतच. इस्पितळाच्या फाटकाशी बाबा उभे होते. कापडाच्या दुकानातून तसेच आले असणार, कारण मोजायची टेप अजून गळ्यात होती. मला पाहिलं तरी ते जागचे हलले नाहीत. मी जवळ गेलो.

"नर्स बाहेर घेऊन आली होती," ते म्हणाले. "लांबी सांगितली. मी म्हटलं, ताणून मोजलंत का? तर म्हणते, आजोबा, बाळ पाय दुमडून घेतं, त्याला सरळ करूनच मोजावं लागतं. मी म्हटलं, मग दोन बोटं कमी धरा. तरी चांगली भरते."

"बाबा," मी म्हटलं, "पण झालं काय? वहिनी कशी आहे?"

त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि नीट गुंडाळायला लागले.

"मुलगी झाली," ते म्हणाले. "दोघी बऱ्या आहेत."